उमेदवारीचे तास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘उमेदवार’ म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर हात जोडलेला, गळ्यात हार घातलेला माणूस उभा राहतो. आपल्या पणजोबांच्या काळात मात्र उमेदवार हा निराळाच प्राणी होता. मामलेदार कचेरीत किंवा कोर्टात बिनपगारी काम करणारा तरुण म्हणजे उमेदवार. त्यानं कागद नकलून द्यायचे, दप्तरं बांधायची, थोरल्या कारकुनाची बोलणी खायची आणि कधीतरी जागा रिकामी होईल या उमेदीवर दिवस काढायचे. शिकणं कुठं संपतं आणि राबणं कुठं सुरू होतं, हे तिथं कुणी विचारत नसे. किती दिवस राबायचं याला हिशोब नव्हता, आणि हा गडी काय शिकला हे सांगणारा तिसरा माणूसही नव्हता.

कचेऱ्यांतून ही पद्धत पुढे गेली, वृत्तपत्रांच्या धंद्यात मात्र ती फार काळ टिकली. आता विद्यापीठांनी तिला अभ्यासक्रमात घेतलं आहे. पत्रकारितेचा विद्यार्थी एखाद्या दैनिकात ठरावीक तास काम करतो, संपादकाची सही-शिक्क्याची चिठ्ठी आणतो आणि त्याचे ‘श्रेयांक’ त्याच्या गुणपत्रकात जमा होतात. या कामाला कागदोपत्री ‘आंतरवासिता’ म्हणतात. कानाला अंतेवासी शिष्याची आठवण करून देणारा हा जडजंबाल शब्द आपल्याला वैद्यकीय महाविद्यालयांमुळे माहीत झाला. मुलं सरळ ‘इंटर्नशिप’ म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. बिनहिशोबी उमेदवारीपासून मोजलेल्या तासांपर्यंतचा हा प्रवास सोलापुरात बसून पाहण्यासारखा आहे. तास मोजणं म्हणजे काय, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

सुरुवात थोडी मागून करू. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर पेशानं शिक्षक होते. पुढे १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ आला, तेव्हाही शाळा आणि छापखाना एकाच मंडळींच्या हाती होता. गंमत अशी की, आपली वृत्तपत्रं शिक्षकांनी काढली, पण वृत्तपत्राचा धंदा वर्गात शिकवण्याचा विषय व्हायला पुढे सव्वाशेच्या आसपास वर्षं जावी लागली. तोवर जो शिकला तो छापखान्यातच शिकला.

सोलापुरातही तसंच झालं. रेल्वे आली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, गाव वाढलं. ‘कल्पतरू’सारखं साप्ताहिक इथून निघू लागलं. त्या काळातल्या छोट्या छापखान्यात नवा मुलगा आला की त्याला आधी प्रुफं वाचायला बसवत. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ओल्या कागदावरचं छापील पाहत चुका काढायच्या. खिळे जुळवणारा जुळारी त्याचा पहिला गुरू. मथळा दोन अक्षरांनी जास्त झाला तर तो ओळीत बसत नाही, हे त्याला जुळारी शिकवी. शिसं ताणता येत नाही, तेव्हा वाक्यच आखडावं लागे. मला वाटतं, जुन्या मंडळींच्या लिहिण्यातला नेटकेपणा निम्मा तरी या शिशाच्या धाकामुळे आला असावा.

१९३० साली या गावात पत्रकारितेची जी परीक्षा झाली, तिला गुणपत्रक नव्हतं. ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मेपासून ३० जूनपर्यंत सोलापुरात लष्करी कायदा होता. ‘कर्मयोगी’ साप्ताहिकाचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना त्या कायद्याखाली शिक्षा झाली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करत आणि ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. गझनफर म्हणजे सिंह. फाशी गेले तेव्हा त्यांनी वयाची विशी नुकतीच ओलांडली होती. आज पत्रकारितेच्या वर्गात बसणाऱ्या मुलांचं वय साधारण तेवढंच असतं. दर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची धांदल चालू असताना, चार हुतात्म्यांना अभिवादनाच्या कार्यक्रमाची बातमी करायला यातल्याच एखाद्या नवशिक्याला पाठवतात. बातमीत चारही नावं बिनचूक येतात. त्यांतला एक जण आपल्याच धंद्यातला होता, हे फारसं येत नाही.

स्वातंत्र्यानंतर धंदा पसरला. १९६१ साली रंगाअण्णा वैद्यांनी ‘संचार’ सुरू केला आणि सोलापूरकरांना आपलं हक्काचं दैनिक मिळालं. पुढच्या काळात बाहेरच्या मोठ्या दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या निघाल्या. या सगळ्यांना माणसं लागत होती. गावात पत्रकारितेचा विद्यापीठीय विभाग नव्हता तेव्हा ही माणसं आली कुठून? तीच उमेदवारी. कुणी कॉलेजात असताना खेळाच्या बातम्या लिहू लागला, कुणी नाटकाचं परीक्षण दिलं, कुणी तालुक्याला वार्ताहर झाला. तालुक्याच्या वार्ताहराबद्दल एक स्वतंत्र भाषण करता येईल. बातमीही त्यानंच द्यायची, जाहिरातही त्यानंच आणायची आणि कित्येकदा अंकाचे गठ्ठे एसटीवरून उतरवूनही त्यानंच घ्यायचे. मानधन किती, हे विचारायची सोय नव्हती. पण असो.

हा धंदा वर्गात शिकवावा की कामावर, हा वाद काही आपला एकट्याचा नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांनी १९०८ साली पत्रकारितेची शाळा उघडली आणि वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या हातून तयार होणारं वृत्तपत्रही काढलं. सरावासाठी काढलेली ती हस्तलिखित भिंतपत्रिका नव्हती. गावात विकलं जाणारं खरं वृत्तपत्र होतं. बातमी चुकली तर गाव दारात येणार, हाच त्यांचा अभ्यासक्रम. आपल्याकडे ॲनी बेझंट यांनी १९२०च्या सुमारास मद्रासजवळ अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम ठेवला, तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष काम शिकायचं ते बाईंच्याच ‘न्यू इंडिया’ दैनिकात. म्हणजे हिंदुस्थानात पत्रकारितेचं शिक्षण विद्यापीठात आलं तेच वृत्तपत्राच्या कचेरीचा हात धरून. नंतर १९३८ मध्ये अलिगढला आणि १९४१ मध्ये लाहोरला प्रयत्न झाले. १९५२ साली रोलंड वूल्सली हे अमेरिकन प्राध्यापक नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि तिथं पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. नागपूर तेव्हा महाराष्ट्रात नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४चा. रानडे इन्स्टिट्यूट म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. सोलापूरच्या किती तरी मुलांनी त्या काळात पुण्याची वाट धरली, त्यातली बरीचशी परत आली नाहीत.

आता त्या ‘क्रेडिट’ नावाच्या मापाकडे येऊ. हे माप कुठून आलं याची कथा मोठी मजेदार आहे. अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वृद्ध प्राध्यापकांना पेन्शन देण्यासाठी एक निधी ठेवला. पण पेन्शन द्यायची तर कॉलेज कशाला म्हणायचं हे आधी ठरायला हवं. मग प्रवेशाला येणाऱ्या विद्यार्थ्यानं शाळेत कोणता विषय किती तास शिकलेला असावा, याचं माप ठरलं. १९१० साली याच कार्नेगी संस्थेसाठी मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरनं एक अहवाल लिहिला. हा गृहस्थ कारखान्यातल्या कामाचं घड्याळ लावून मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या पठडीतला. त्यानं सुचवलं की, कारखान्यासारखंच कॉलेजचं कामही ‘विद्यार्थी-तास’ या एककात मोजावं. तेव्हा आज आपल्या मुलांच्या गुणपत्रकात जो श्रेयांक दिसतो, त्याच्या पणजोबांपैकी एक कारखान्यातलाच आहे.

हे वाचल्यावर पुष्कळ प्राध्यापक मंडळी नाक मुरडतात. ज्ञान काय तासावर मोजायचं? मला हे नाक मुरडणं पटत नाही, आणि त्याचं कारण सोलापूरच आहे. हे गाव पिढ्यान्पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठलं आणि झोपलं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की घरात चुलीवर तवा चढायचा. सुरुवातीच्या गिरण्यांत मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. १९२२च्या कायद्यानं ती आठवड्याला ६० तास झाली, १९३४च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांत ५४ आणि १९४८च्या कायद्यानं ४८. कामगारांच्या चळवळीनं जे मिळवलं त्यात पगाराइतकाच महत्त्वाचा होता तो मोजलेला तास. जिथं तास मोजत नाहीत तिथं मालक उदार असतो असा कुणाचाच अनुभव नाही. पत्रकारांनाही हे कळायला वेळ लागला. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यानं ठरवलं की, लागोपाठच्या ४ आठवड्यांत पत्रकाराकडून १४४ तासांपेक्षा जास्त काम घेता येणार नाही. (तो कायदा नंतर २०२०च्या श्रमसंहितेत विलीन झाला.) पण ही मर्यादा नोकरीतल्या पत्रकाराला. उमेदवाराच्या तासांची चौकशी कुणी करत नव्हतं, कारण कागदावर तो तिथं नव्हताच.

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि साध्या कामासाठी मुलांना कोल्हापूरच्या खेपा घालाव्या लागत. एकाच जिल्ह्यासाठी विद्यापीठ हा तेव्हा टीकेचा विषय झाला होता. २०१९ पासून त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. तिथल्या सामाजिकशास्त्रे संकुलात पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाचा विभाग आहे. एका जिल्ह्याच्या विद्यापीठाचा एक फायदा मला इथं दिसतो. विद्यार्थी पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मोहोळचे, आणि बातम्याही तिथल्याच. आषाढीला पंढरपुरात लाखोंची गर्दी होते, तेव्हा वारी कव्हर करायला या मुलांना जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. गल्ली कुठं निघते हेही त्यांना विचारावं लागत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकाचा हिशोब आणखी घट्ट झाला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना पहिल्याच वर्षात ४ श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आलं. एक श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. जरा शेजारी ठेवून पाहा. नोकरीतल्या पत्रकाराची ४ आठवड्यांची कायदेशीर कमाल मर्यादा १४४ तास. म्हणजे आपला विद्यार्थी जवळजवळ महिनाभर पूर्णवेळ पत्रकाराइतकं काम करतो. त्याला मोबदला म्हणून श्रेयांक मिळतात. आणि त्या श्रेयांकांची फी त्यानंच विद्यापीठात भरलेली असते.

इथं मला आपल्याच गावातल्या दोन शेजाऱ्यांची आठवण होते. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पास झालेला मुलगा सिव्हिल हॉस्पिटलात आंतरवासिता करतो, त्याला विद्यावेतन मिळतं. आयटीआय झालेला फिटर एखाद्या कारखान्यात लागतो, त्याला १९६१च्या कायद्याखाली विद्यावेतन मिळतं. आणि त्या फिटरचं कायद्यातलं मराठी नाव काय? ‘शिकाऊ उमेदवार’. म्हणजे उमेदवार हा जुना शब्द जिथं टिकला तिथं पैसे मिळतात. जिथं भारदस्त आंतरवासिता आली, त्या वृत्तपत्राच्या कचेरीत बहुतेक वेळा चहा मिळतो.

वृत्तपत्रांची बाजू मला माहीत नाही असं नाही. जिल्ह्याच्या दैनिकाचं अर्थकारण नाजूक असतं. नवख्या मुलाची बातमी उपसंपादकाला पुन्हा लिहावी लागते, त्यात त्याचा तास जातो. ‘आम्हीच फी मागायला हवी,’ असं एक संपादक मला हसत म्हणाले होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य पहिल्या आठवड्यापुरतं असतं. तिसऱ्या आठवड्यात तोच मुलगा दिवसाला सात-आठ प्रेसनोट मार्गी लावत असतो आणि मग कुणाचा तास कुणाच्या खाती जातो हे सांगायला हिशोबनीस लागत नाही.

पैशाइतकीच मोठी अडचण वेळेची आहे. दैनिकाचं खरं काम संध्याकाळी चारनंतर रंगात येतं. पान लागतं रात्री. मथळा बदलतो रात्री, आतल्या पानावरची बातमी पहिल्या पानावर जाते तीही रात्री. आणि मोहोळच्या किंवा अक्कलकोटच्या मुलाला शेवटची एसटी गाठायची असते. मुलींना वसतिगृहाचं फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं असतं. त्यामुळे १२० तास भरतात, पण ते सकाळच्या पत्रकार परिषदा, निवेदनं आणि उद्घाटनं यांनी भरतात. पान सुटताना कधीच न पाहिलेला विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. जुळाऱ्याशेजारी उभं राहून शिकलेल्या जुन्या उमेदवाराला निदान हे दर्शन रोज घडत होतं. निदान आठ रात्री तरी मुलांना पान सुटेपर्यंत थांबता येईल आणि परतीची सोय कचेरी करील, अशी अट विद्यापीठानं करारातच घालावी असं माझं मत आहे. बारा सह्यांच्या अहवालापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि नावाचं काय? श्रेयांक या शब्दात ‘श्रेय’ आहे. पण मुलाच्या बातमीवर छापलं जातं ‘प्रतिनिधी’. मी काही वर्षं अशा तोंडी परीक्षांना बाहेरचा परीक्षक म्हणून बसतो. मुलं कात्रणांची वही घेऊन येतात. प्रत्येक कात्रणावर कचेरीचा शिक्का असतो, कारण त्याशिवाय ही बातमी याचीच कशावरून, हा प्रश्न येतो. छापील पुराव्याला शिक्क्याचा पुरावा लागावा, हे जरा विचित्रच. पण नाव न छापण्याच्या रिवाजामुळे तो लागतो.

गेल्या खेपेला एका मुलीच्या वहीत विडी कामगार बायकांवरची बातमी होती. कारखान्यात विड्या मोजून घेताना किती विड्या नापास म्हणून बाजूला काढतात आणि त्यांचा हिशोब कसा होतो, यावर. साधी चार परिच्छेदांची बातमी, पण त्यात बायका बोलत होत्या, अधिकारी नव्हे. मी विचारलं, इतक्या मोकळेपणानं त्या बोलल्या कशा? म्हणाली, ‘सर, मी तेलुगूत विचारलं.’ पूर्व भागातल्याच घरातली. मराठी दैनिकाच्या कचेरीत तिच्या तेलुगूचा उपयोग होईल असं तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही नाही. ज्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच चौकात ऐकू येतात, तिथं ही गोष्ट कुणाच्या लक्षात येऊ नये, याचं मला नवल वाटलं.

गुणांच्या तक्त्यात रकाने होते: उपस्थिती, अहवाल, कात्रणं, तोंडी. मी तिची कामाची डायरी पाहिली. त्या बातमीसमोर तास लिहिले होते दोन, म्हणजे कचेरीत बसून लिहिण्याचे. पूर्व भागात ती चार वेळा जाऊन आली होती, सकाळी लवकर, बायका कारखान्याकडे निघायच्या आधी. ते तास तिनं धरले नव्हते, कारण तेव्हा कचेरी उघडलेली नव्हती आणि सही करायला कुणी नव्हतं. विभागातल्या शिक्षकांशी बोलून आम्ही ते तिला डायरीत लिहायला लावले. नऊ तास भरले.